आमचे पाय आणि त्यांची सीट

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. हे मी वयाच्या सत्तराव्या वर्षी छापील स्वरूपात कबूल करतो आहे, कारण आता लग्न जमायचं राहिलेलं नाही आणि नोकरीही मिळायची नाही. लग्न ठरवताना आमच्या मामांनी मुलीकडच्यांना ती पाच फूट पाच सांगितली होती. ते दोन इंच कुठे गेले, असं सौ.ने त्रेचाळीस वर्षांच्या संसारात एकदाही विचारलेलं नाही. पण वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढायची वेळ आली की ती आपणहून स्टूल ओढते आणि माझ्याकडे न बघता वर चढते. त्या न बघण्यात सगळं येतं.

एवढं सोडलं तर उंचीनं मला जन्मात त्रास दिला नाही. उलट एस.टी.त दोन पिशव्या आणि एका लठ्ठ गृहस्थाच्या मध्ये उरलेल्या जागेत मी आरामात मावत आलो. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून आयुष्य गेलं. तिथे पाण्याची उंची मोजतात, माणसाची नाही. तेव्हा सत्तरीला येऊन उंचीवरून भांडण काढीन असं काही माझ्या पत्रिकेत नव्हतं. पण काढतो आहे. भांडण मोटारसायकली बनवणाऱ्यांशी आहे, त्यांची तारीफ करणाऱ्यांशी आहे, आणि थोडंसं माझ्या पुतण्याशी आहे.

आमचं गाव सिद्धेश्वर. बाहेरगावी नाव सांगितलं की लोक 'सोलापूरचं का?' म्हणून विचारतात. सोलापूरचं नव्हे. हिंगोली जिल्ह्यातलं, पूर्णा नदीच्या काठचं. वरच्या अंगाला येलदरीचं धरण, खालच्या अंगाला आमचं. एकाच नदीवरची ही दोन धरणं १९६०च्या दशकात झाली आणि त्यांच्या कालव्यांचं पाणी वसमत, परभणी, नांदेडकडे गेलं. कालवा आला की त्याच्या काठानं रस्ता येतो. हा रस्ता कागदावर रस्ता असतो. उन्हाळ्यात त्यावर गुडघाभर धूळ असते आणि पावसाळ्यात तीच धूळ आपलं मूळ रूप प्रकट करते, म्हणजे काळी माती. मराठवाड्याची काळी माती ज्यानं ओली पाहिलेली नाही, त्यानं चिकटपणावर बोलू नये. ती चपलेला धरते, चाकाला धरते, मडगार्डमध्ये जाऊन बसते आणि पुढे संक्रांतीपर्यंत निघत नाही.

या रस्त्यावरून मी नोकरीची उमेदीची वर्षं लुनावर काढली. १९७२ साली निघालेली ही पन्नास सीसीची गाडी. तिला पायडल होतं, आणि पेट्रोल संपलं की ती सायकल होई. डांबरी रस्त्यावर चालायची, कालव्यावर चालायची, एकदा तर कालव्यात चालली. तिच्यावर बसून दोन्ही पाय टाचेसकट जमिनीला लागायचे. चिखलात घसरायला लागली की आपण नुसतं उभं राहायचं, गाडी पायांच्या मधून पुढे निघून जायची. अपघात म्हणून याला कुणी नोंदला नसता. आमच्या गावात पुढे मोटारसायकली आल्या. त्यांच्यावरून दुधाचे कॅन गेले, हळदीची पोती गेली, बोकड गेले, एक अख्खा नांगर गेलेला मी पाहिला आहे. रस्त्यावर आणि रानात दोन्हीकडे चालणं हा गाडीचा खास गुण असतो, हे आम्हांला ठाऊकच नव्हतं. जी रानात जात नाही तिला आम्ही गाडीच म्हणत नव्हतो.

मग गेल्या वर्षी पुण्याचा पुतण्या आला. चारशेहून जास्त किलोमीटर मोटारसायकलवरून आला आणि अंगणात उतरल्यावर पाच मिनिटं बसलाच नाही. चहा उभ्यानं घेतला. मी म्हटलं, "बस की रे." तर म्हणाला, "नको काका, बरं वाटतंय उभं राहून." दरम्यान ती गाडी अंगणात उभी होती. काय तिचा थाट! पुढचं चाक सायकलीसारखं मोठं, मडगार्ड चोचीसारखं, आणि सीट पार तुळशी वृंदावनाच्या वर. सौ.ने तिला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "हिच्यावर चढायचं कुठून?"

"ही ड्युअल-स्पोर्ट आहे, काकू," पुतण्या म्हणाला. "ऑन-रोड, ऑफ-रोड दोन्ही."

म्हणजे लुना. पण हे मी मनात म्हटलं.

मंडळी, मी तसा अभ्यासू माणूस आहे. त्या रात्री पुतण्याकडून सगळा इतिहास काढून घेतला. अमेरिकेत १९६८ साली यामाहानं डीटी-वन नावाची अडीचशे सीसीची गाडी आणली, तेव्हापासून ही 'दोन्हीकडची' गाडी लोकप्रिय झाली. १९८० साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनं थोरली बहीण काढली आणि तिच्या नावातल्या दोन अक्षरांत एक रानाचं, एक रस्त्याचं ठेवलं. आपल्याकडे हिरोनं २०११ साली इम्पल्स काढून पाहिली, रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आली, आणि हिरोची एक्सपल्स २०१९ साली. आता तर दुकानात रांगच लागली आहे.

मग मी सीटच्या उंचीचे आकडे विचारले आणि वही काढली. पहिली हिमालयन ८०० मिलिमीटर. एक्सपल्स ८२३. हिमालयनची २०२३ सालची नवी आवृत्ती ८२५, आणि ती वर करून ८४५ करता येते. २०२० साली आपल्याकडे आलेली केटीएम ३९० अॅडव्हेंचर ८५५. कावासाकीची केएलएक्स २३० ही ८८०. एक्सपल्सचीच 'प्रो' नावाची आवृत्ती ८९१. हे आकडे वाचताना मला पूर येताना गेजपट्टीवरचं पाणी वाचल्यासारखं वाटत होतं. तेव्हा एका ठरावीक आकड्याला आम्ही भोंगा वाजवत असू.

आता ताळेबंदाची दुसरी बाजू. माणसाचे पाय किती लांब असतात? हे मोजायची शास्त्रशुद्ध रीत अशी: भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये एखादं पुस्तक आडवं धरून वर न्यायचं, जिथे अडेल तिथे भिंतीवर खूण करायची. मी पंचांग वापरलं. सौ. नेमकी त्याच वेळी आत आली. तिनं काही विचारलं नाही, पण आठवडाभर पंचांग देव्हाऱ्याजवळ ठेवू दिलं नाही.

खूण निघाली ७३५ मिलिमीटरवर. चपलेचे २५ धरा, झाले ७६०. सीट ८२५. माणूस बसला की गाडी स्प्रिंगांवर थोडी दबते. ते तीस मिलिमीटर वजा करा, ७९५. तूट पस्तीस. शिवाय पाय काही सीटमधून आरपार जात नाहीत. ते सीटला वळसा घालून खाली येतात, त्यात दोन बोटं आणखी खर्च होतात. म्हणजे टाचा उचलून चवड्यांवर कसाबसा. आणि यातही एक मेख आहे. बुटका माणूस बहुधा हलका असतो. माझं वजन छप्पन्न किलो. गाडीच्या स्प्रिंगा माझ्यापेक्षा भरलेल्या माणसासाठी बसवलेल्या. माझ्याखाली ती दबते तीसुद्धा मोजूनमापून. ज्याला दोन बोटं खाली यायला हवी, त्याच्यासाठी ती एकच बोट येते. गरिबाला उधारी कमी, तसा प्रकार.

हे सगळं दुकानातल्या गुळगुळीत फरशीवरचं गणित झालं. कालव्याच्या रस्त्यावर फरशी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या म्हणाला, "काका, एक चक्कर मारून बघा." मी नको म्हणायला हवं होतं. पण लुनावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक अहंकार असतो. चढलो. चढणं म्हणजे डाव्या पायदानावर उभं राहून उजवा पाय पलीकडे टाकणं. आमच्याकडे घोड्यावर नवरदेव असाच चढतो, फक्त त्याला धरायला चार माणसं असतात. एकदा चालू झाली आणि सांगतो, खोटं बोलणार नाही, गाडी अप्रतिम होती. ज्या खड्ड्यांना मी नावानिशी ओळखतो, ते खालून नुसते गेले. धोंड्यांवरून ते मोठं चाक असं चढून उतरत होतं, जसं काही मेण्यात बसलोय. मला वाटलं, हे तेव्हा मिळालं असतं तर माझी कंबर आज माझी असती.

मग पुढे शेळ्या आल्या, म्हणून थांबलो.

थांबलो आणि डावा पाय खाली सोडला. तिथे जमीन होती. पण बैलगाडीच्या चाकोरीत, चार बोटं खाली. पाय गेला, गेला, जातच राहिला. वाचकहो, वेगात पडणं सोपं असतं, कळायच्या आत होऊन जातं. उभ्या गाडीवरून पडायला फार वेळ लागतो. मधे विचार करायला सवड मिळते. दीड क्विंटलच्या वरचं ते लोखंड सावकाश डावीकडे कलत होतं आणि मी तेवढ्याच सावकाश त्याला 'नको' म्हणत होतो. शेवटी दोघंही आडवे झालो. घोटा खाली, गाडी वर. शेळ्यांचा मालक काठी टेकून सगळं बघत होता. त्यानं आधी गाडी उचलली, मग मला उचललं, आणि म्हणाला, "साहेब, चालता चालता पडलेले लई बघितले. थांबून पडलेले तुम्हीच पहिले."

तीन आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. या तीन आठवड्यांत पुतण्यानं फोनवरून माझं जे प्रबोधन केलं, त्याला माझं उत्तर म्हणजे हा लेख.

पुतण्याचं पहिलं म्हणणं: "काका, दोन्ही पाय टेकायची गरजच नसते. एक पाय पुरतो. थांबताना अर्धं बूड सरकवायचं." हे खरं आहे. मी पुढे ते शिकलोही. एक्केचाळीस दिवसांचा सराव केला तर कुणालाही येईल. पण मला सांगा, मागे कुटुंब बसलेलं असताना, पुढ्यात बाजाराची पिशवी असताना, उतारावर, चिखलात, अर्धं बूड नेमकं कुठे सरकवायचं? एका पायावर उभं राहणं ही तपश्चर्या आहे. पुराणात ती करणाऱ्यांना वर मिळत असे. इथे बिल मिळतं.

दुसरं म्हणणं: "गाडी उंच नसेल तर दगडावर तिचं पोट आपटेल." हे म्हणणं वजनदार आहे आणि मी ते वहीत घेऊन तपासलं. नेहमीची स्प्लेंडर घ्या. सीट ७८५, जमिनीपासून पोट १६५ मिलिमीटर वर. एक्सपल्सचं पोट २२०. म्हणजे पोट वर न्यायचं तर सीट वर जाणार, हे मान्य. पण मग २०१६ची ती पहिली हिमालयन काढा. तिचं पोटही २२०. तिच्या स्प्रिंगांची पुढची-मागची चाल २०० आणि १८० मिलिमीटर. एक्सपल्सची १९० आणि १७०. पोट तेवढंच वर, चाल वीतभर नव्हे पण बोटभर जास्तच, आणि तरीही सीट ८००! तेवीस मिलिमीटर खाली. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. आता न्यायानं हेही सांगतो की ती हिमालयन वजनाला दोनशे किलोच्या घरात होती, एक्सपल्सपेक्षा चाळीस-एक किलो जड. पाय टेकायचे पण गाडी ढळली तर आवरायची नाही, आणि गाडी आवरायची पण पाय टेकायचे नाहीत, असे दोन पर्याय बाजारानं आपल्यापुढे ठेवले. इकडे आड तिकडे विहीर ही म्हण कुणीतरी मोटारसायकल घेतानाच काढली असावी.

तिसरं म्हणणं: "मग गाडी खाली करून घ्या. बाजारात पट्ट्या मिळतात, मागची स्प्रिंग खाली येते." एका ओळखीच्या पोरानं केली होती. गाडी खाली आली, बाजूचा स्टँड मात्र होता तेवढाच लांब राहिला. त्यामुळे उभी केली की गाडी स्टँडवर कलेना. सरळ ताठ उभी राहायची, परेडला राहिल्यासारखी. वारा आला आणि विरुद्ध बाजूला पडली. शिवाय पोट खाली आलंच. ज्यासाठी उंच गाडी घेतली, तेच काढून टाकायला पुन्हा पैसे द्यायचे, यापेक्षा लुना काय वाईट?

आणि गंमत पाहा. पुतण्याची उंची पाच फूट अकरा. म्हणजे गाडी त्याच्या मापाची हवी. तीही नाही! बसला तर सीट अरुंद. इतकी, की औरंगाबादपर्यंत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत, माणसाचं तत्त्वज्ञान बदलतं. अरुंद असते याचंही कारण आहे: पायदानांवर उभं राहून चालवताना मांड्यांच्या मधे ती अडचण होऊ नये. म्हणून उभा राहिला तर हँडल गुडघ्याकडे राहतं आणि हा हिंगोलीपर्यंत वाकून येतो, कोपऱ्यातलं काहीतरी शोधत असल्यासारखा. उंच माणसाला हँडल वर करायला वेगळे तुकडे विकत घ्यावे लागतात, बुटक्याला सीट खाली करायला वेगळी सीट. मग ही गाडी मुळात कुणाच्या मापानं शिवली? २०१६ साली जगभरच्या माणसांच्या उंचीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटिमीटर निघाली आणि नेदरलँडच्या पुरुषांची साडेएकशेब्याऐंशी. डच लोक जगात सगळ्यांत उंच. बहुतेक त्यांच्यातलाच कुणी शिंप्याकडे माप द्यायला गेला असावा, आणि पायजमे आपल्याला आले.

मागच्या सीटबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. आपल्या देशात मोटारसायकल ही एकट्याची वस्तू कधीच नव्हती. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम म्हणतो की मागे बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला पायदान हवं आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारी जाळी हवी. सरकारला साडी समजते, हे पाहून मला भरून आलं. पण मागची सीट किती उंच असावी, यावर नियम गप्प आहे. सौ.ला पुतण्याच्या गाडीवर बसवायला आम्ही ओट्याशी गाडी लावली. बसली. उतरायच्या ठिकाणी ओटा नव्हता. औंढ्याच्या बाजारात ती दहा मिनिटं वरच बसून होती, आणि ओळखीच्या बायकांना सांगत होती की दर्शन झालं, आता जरा वारा घेतेय.

इथपर्यंत हा एका म्हाताऱ्याच्या घोट्याचा मामला होता. सत्तरीत मोटारसायकली उडवू नयेत, असं म्हणून तुम्ही पान उलटलं असतं तर मीही राग मानला नसता. पण माझी लेक आरोग्यसेविका आहे.

तिच्याकडे उपकेंद्राची गावं आणि वाड्या आहेत. खांद्याला लसींचा डबा, त्यात बर्फ; बर्फ वितळायच्या आत पोचायचं असतं. तिच्याकडे स्कूटर आहे, दहा-बारा इंची चाकांची. शहरात ती चाकं ठीक. इथे जुलैमध्ये माती चाकात आणि मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरायचं बंद होतं. मग ही उतरते, काडीनं माती उकरते, चार पावलं जाते, पुन्हा उतरते. दोनदा डबा डोक्यावर घेऊन चालत गेली आहे. ज्या दिवशी मी पडलो, त्या दिवशी माझा घोटा तिनंच बांधला. बांधून झाल्यावर रागावेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "बाबा, चिखलातून कशी चालते हो ती?"

मी म्हटलं, "मेण्यासारखी."

ती काही बोलली नाही. आठवड्यानं एकटीच एका दुकानात जाऊन आली. तिथल्या पोरानं आधी विचारलं, "मॅडम, चालवणार कोण?" मग ती त्या गाडीवर बसली. तिची उंची पाच फूट. त्याच अभ्यासात भारतीय बायकांची सरासरी साडेएकशेबावन्न सेंटिमीटर आहे. म्हणजे माझी लेक बुटकी नाही, बरोब्बर सरासरी आहे. त्या गुळगुळीत फरशीवर तिच्या एका पायाचा अंगठा लागला. दुसरा लागला नाही. पोरगा म्हणाला, "मॅडमसाठी स्कूटर दाखवू?"

त्या रात्री माझा घोटा दुखला नाही, पण झोप लागली नाही.

बघा हां, काय चाललं आहे. ज्याला वर्षातून एकदा सुट्टी काढून लडाखला जायचं आहे, त्याच्यासाठी चिखलातून जाणारी गाडी आहे. ज्याला रोज चिखलातून जायचं आहे, लाइनमनला, दूधवाल्याला, पोस्टमनला, आरोग्यसेविकेला, त्याचे पाय तिच्यावरून जमिनीला लागत नाहीत. जाहिरातीत गाडी नदीतून जाते, पाणी उडतं, बसणारा हसतो. आमच्या ओढ्यातून जाणारी माणसं हसत नाहीत, ती उशीर होईल म्हणून जातात. हौसेसाठी रस्ता शोधणाऱ्यांना गाडी मिळाली. ज्यांच्या नशिबी तो रस्ता आहेच, त्यांना सल्ला मिळाला की अर्धं बूड सरकवा.

पाय कुठे ठेवायचे, हा आमच्या मुलखातला फार जुना प्रश्न आहे. नामदेव महाराज जवळच्याच नरसीचे. औंढा नागनाथाला ते गुरू शोधत गेले तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले, अशी कथा आहे. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जिथे पिंड नाही तिथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय नेतील तिथे पिंड उभी राहू लागली. त्यांना उमज पडला, की जिथे पाय ठेवावा तिथे देव आहे. आम्हांलाही उमज पडला, की जिथे पाय सोडावा तिथे जमीन नाही.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. पहिली: गाडी घेताना उंच आणि ठेंगणी अशा दोन सीटांतून निवड करू द्या, त्याच पैशात. हे अशक्य नाही. नव्या हिमालयनला ८०५ची ठेंगणी सीट मिळते, पण ती वेगळे पैसे मोजून. चपला घेताना दुकानदार 'नऊ नंबर तेवढा आहे, सात हवा तर तळ कापायचे वेगळे' असं म्हणत नाही. दुसरी: नुसती सीटची उंची सांगू नका, एका पायाच्या तळव्यापासून सीटवरून दुसऱ्या तळव्यापर्यंतची कमान सांगा. कारण रुंद सीट ठेंगणी असूनही पाय खाते. बीएमडब्ल्यूवाले आपल्या माहितीपत्रकात ही कमान छापतात; आपल्याकडे छापायला शाई महाग नाही. तिसरी: दुकानात एक हातभर उतार आणि एक चाकोरी करा, आणि गिऱ्हाइकाला तिच्यावर बसवून बघा. चौथी: मागच्या सीटवर बसून बघायला कंपनीच्या मोठ्या साहेबांनी आपापल्या आईला घेऊन यावं. साडीत. पाचवी मागणी त्या पोरासाठी आहे: 'चालवणार कोण' हे विचारायचं नाही. जो बसला आहे, तोच चालवणार.

लेकीनं शेवटी जुनी गाडी घेतली. मी विरोध केला नाही. सीट गावातल्या कुशनवाल्याकडे नेली. त्यानं वरचं कापड सोलून आतला फोम दोन बोटं तासला आणि पुढच्या कडा निमुळत्या केल्या. लेक बसली. दोन्ही पायांचे चवडे लागले! सौ.ने गाडीवरून लिंबू ओवाळलं. पहिल्या दिवशी ती लांबची वाडी करून बर्फ वितळायच्या आत परत आली. डबा ओट्यावर ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"बस की गं," मी म्हटलं.

"नको बाबा," ती म्हणाली, "बरं वाटतंय उभं राहून."

तासलेल्या फोमखाली थेट पत्रा होता. आईचं काळीज, सौ.ने त्याच रात्री जुन्या लुगड्याची चौघडी घालून गोधडीची मऊ गादी शिवली आणि सकाळी सीटवर बांधून दिली. लेक बसली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी पट्टी आणली.

८२५.

त्याच औंढ्याची दुसरी कथा तुम्हांला ठाऊक असेल. नामदेवांना देवळापुढे कीर्तन करू दिलं नाही, म्हणून ते मागे जाऊन उभे राहिले; तर अख्खं देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, आणि नंदी तेवढा मागेच राहिला, असं सांगतात. दगडाचं देऊळ भक्तासाठी फिरतं. मी कारखान्याला फिरायला सांगत नाही. दोन बोटं खाली या म्हणतो.